ताईला बाकावर बसू द्या : सोसायटीच्या व्यवस्थापक समितीला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

एप्रिलमध्ये आपल्या गेटजवळच्या फलकावर एक नोटीस लागली. घरकामगार, ड्रायव्हर, केअरटेकर आणि इतर बाहेरच्या व्यक्तींनी बागेतले बाक, लॉबीतला सोफा आणि मुख्य लिफ्ट वापरू नये, अशा अर्थाच्या चार ओळी. मी ती वाचली आणि पुढे गेलो. त्या चार ओळींत आमच्या घरातलं माणूस आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. तेव्हाच समितीकडे आलो असतो तर पुढचं टळलं असतं, ही बोच मला आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

या पत्राची एक प्रत कार्यालयात देऊन मी पोच घेतली आहे. तरीही ते उघड करतो आहे, कारण अशी नोटीस फक्त आपल्याच फलकावर नाही. कोथरूडला, बाणेरला, सिंहगड रस्त्याला, कुणाकडेही गेलो की हल्ली मी आधी गेटवरचा फलक वाचतो. शब्द थोडे इकडचे तिकडे, मजकूर तोच. सोसायटीचं नाव आणि कुणा पदाधिकाऱ्याचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. भांडण माणसांशी नाहीच.

मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळचे पावणेसहा झाले होते. मी औषधाच्या दुकानात गेलो होतो. आमची ही आणि तिला सांभाळणारी ताई रोजच्यासारख्या बागेत कडुनिंबाखालच्या बाकावर बसल्या होत्या. सुरक्षारक्षक आला आणि म्हणाला, "ताई, उठा. वरून सांगितलंय." ताई उठली आणि बाकाशेजारी उभी राहिली. वाद घालायचा तिचा स्वभाव नाही, आणि ज्या नोकरीत उद्या ब्युरो, म्हणजे अशी सांभाळणारी माणसं पुरवणारी एजन्सी, दुसऱ्या घरी पाठवू शकतो त्या नोकरीत वाद परवडतही नाही.

आता आमच्या हिचं सांगतो. तिनं एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. घरी कुणीही आलं, अगदी सिलिंडर घेऊन आलेला मुलगा असला, तरी "आधी बसा" म्हटल्याशिवाय ती बोलायला सुरुवात करत नाही. ताई उभी आणि आपण बसलेलो, हे तिला बघवेना. ताईला जागा करून द्यायला ती उठायला गेली. तिला पार्किन्सन्स आहे. या आजारात माणूस असा अचानक उठला की पाऊल जमिनीला चिकटतं. अंग पुढे जातं आणि पाय मागेच राहतात. ती डाव्या हातावर पडली आणि मनगटाचं हाड मोडलं.

सहा आठवडे प्लास्टर होतं. तरुण माणसाला मोडलेलं मनगट म्हणजे सहा आठवड्यांची अडचण. हिला डावा हात नाही म्हणजे वॉकर नाही, वॉकर नाही म्हणजे चालणं नाही, आणि पार्किन्सन्समध्ये थांबलेलं चालणं जसंच्या तसं परत मिळत नाही. पोट साफ होईना. माकडहाडापाशी कातडी लाल झाली. तिथे जखम होऊ नये म्हणून ताई आणि मी दर दोन तासांनी तिची कूस बदलत होतो, रात्री मी एकटा. माझं वय चौऱ्याहत्तर आहे.

त्या सुरक्षारक्षकावर माझा राग नाही, हे समितीनं नीट वाचावं. चाकाची खुर्ची आणायला तोच धावला होता. ड्युटी संपल्यावर रात्री वर आला आणि दारात उभा राहिला. किती वेळा म्हटलं तरी आत येईना. त्याला कामावरून काढलं तर मला अतिशय वाईट वाटेल. त्याच्यापाशी एक नियम होता आणि तो त्यानं पाळला. नियम दुरुस्त करायचा आहे.

तुमच्या नोटिशीत केअरटेकर हा शब्द ड्रायव्हर आणि इतर बाहेरच्या व्यक्ती यांच्या मध्ये कुठेतरी आहे. म्हणून ती दिवसभर काय करते ते सांगणं मला भाग आहे.

आमच्या हिचा आजार पहिल्यांदा दिसला तो वाणसामानाच्या यादीत. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. तिचं अक्षर फळ्यावरचं, मोकळं, टपोरं. यादीत पहिल्या ओळीत "तूरडाळ" नेहमीसारखं असायचं आणि खाली खाली जाताना अक्षर बारीक होत होत शेवटचं "हिंग" मुंगीएवढं व्हायचं. आम्ही चष्म्याचा नंबर तपासून आणला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की अक्षर बारीक होणं हे या आजाराचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. हात थरथरणं नंतर आलं.

ताई आमच्याकडे आली त्याला अडीच वर्षं झाली. सकाळी आठला येते, दोन बस बदलून. आल्यावर पर्स ठेवायच्या आधी घड्याळ बघते, कारण सिंडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या औषधाची, गोळी वेळेवर गेली नाही तर पुढचे दोन तास हातातून जातात. ही गोळी जेवणाच्या अर्धा तास तरी आधी द्यावी लागते. दूध, डाळ, अंडं यांच्याबरोबर दिली तर तिचा गुण कमी येतो. पाणी गिळताना ठसका लागतो म्हणून घोट घेताना हनुवटी खाली करायची, सार जरा दाट ठेवायचं, जेवताना घाई करायची नाही. यातलं काहीही ताईला ब्युरोनं शिकवलेलं नाही. ब्युरोनं तिला दोन दिवस एका जुन्या बाईंच्या हाताखाली पाठवलं आणि तिसऱ्या दिवशी एका घरी एकटीला उभं केलं. बाकीचं ती शिकली ते पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभांना माझ्याबरोबर येऊन आणि बघून बघून. हे मित्रमंडळ पुण्यातच आहे. आपल्या इमारतीत आणखी कुणाला गरज असेल तर जरूर जावं.

आपल्या मुख्य लिफ्टच्या दाराशी जो उंबरा आहे, म्हणजे ती दोन बोटांची धातूची पट्टी, तिथे आमची ही हमखास थिजते. दार उघडं असतं, आत माणसं थांबलेली असतात, आणि पाऊल उचलत नाही. मागून "चला चला" म्हटलं की आणखीच घट्ट होतं. हात धरून ओढलं तर पडते. मी वर्षभर ओढतच होतो. ताईनं एक दिवस काय केलं, आपलं पाऊल तिच्या पावलासमोर आडवं ठेवलं आणि म्हणाली, "बाई, माझ्या पायावरून पलीकडं टाका." आणि पाऊल उचललं! समोर ओलांडायला काहीतरी दिसलं की थिजलेले पाय सुटतात, हे डॉक्टरही सांगतात, पण ते त्या क्षणी, त्या दारात, आपली चप्पल काढून करणारं माणूस लागतं. ताई चप्पल काढते. बाईंचा पाय चुकून पडलाच तर चपलेवरून घसरू नये म्हणून.

आता या लिफ्टबद्दल तुमचा नियम. बाईंबरोबर असताना ताईला मुख्य लिफ्टमधून जाता येतं, असं मला तोंडी सांगण्यात आलं. एकटी असताना मात्र मागच्या लिफ्टनं. ती एकटी कधी असते? मी घरी नसताना खाली आलेलं औषधाचं पार्सल घ्यायला जाते तेव्हा. मागची लिफ्ट सामानाची, प्रत्येक मजल्यावर थांबणारी. तेवढा वेळ आमची ही घरात एकटी खुर्चीत. ताईची ती सात मिनिटं वाचवणं हा सोयीचा प्रश्न नाही, ती सात मिनिटं आमच्या हिची आहेत.

ताईनं आमच्याकडे आल्यावर दुसऱ्या महिन्यात स्वतःच्या पैशांनी एक दुरेघी वही आणली, पहिलीतल्या मुलांची असते तशी. दोन रेघा दिसल्या की अक्षर त्या रेघांपर्यंत मोठं काढावंसं वाटतं आणि बारीक होत जाणारं अक्षर थोडं सावरतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. धाकट्या मुलीच्या वहीवरून तिला सुचलं. रोज दुपारी साडेतीनला, गोळीचा गुण चढलेला असतो तेव्हा, दोघी टेबलाशी बसतात. आमची ही एक पान लिहिते. मग ताई दुसऱ्या पानावर इंग्रजी अक्षरं गिरवते, औषधाच्या पाकिटावरची नावं वाचता यावीत म्हणून. आमच्या हिला आवाज फार बारीक येतो आता, पण एखादं अक्षर उलटं काढलं की ती ताईच्या मनगटावर बोट ठेवते आणि ताई खोडते. निवृत्त झाल्यापासून शिकवायला कुणी नव्हतं तिला. आता आहे.

मला वाटतं, समितीला सोबत या शब्दाचा विसर पडला आहे.

माझा जन्म शनिवार पेठेतल्या वाड्यातला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पुरानं वाड्याची एक बाजू गेली. आमच्या समोरच्या खोलीत एक आजी राहायच्या, त्यांचा भाचा त्यानंतर दुसरीकडे राहायला गेला आणि त्या एकट्या उरल्या. आई मला म्हणाली, "रात्री त्यांच्याकडे सोबतीला जात जा." दीड-दोन वर्षं मी रोज रात्री उशी काखोटीला मारून त्यांच्याकडे जायचो. मी त्यांचं काहीही करत नव्हतो. झोपायच्या आधी त्या मला मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्यायच्या आणि मी त्यांना शाळेतलं काहीबाही सांगायचो. रात्री त्यांना जाग आली की अंधारात विचारायच्या, "आहेस ना रे?" मी "हो" म्हणायचो. एवढंच काम. त्या पिढीत प्रत्येक वाड्यात असं सोबतीला जाणारं एखादं पोर असायचं आणि त्याला कुणी विचारत नव्हतं की तू ओट्यावर का बसलास.

ते वाडे गेले. आपल्या दारांना आता तीन कड्या आणि एक कॅमेरा आहे. शेजारच्या पोरांना क्लास आहेत. आमची मुलगी बेंगळुरूला असते, दर दीड महिन्यानं येते, आली की चार दिवस सगळं हातात घेते, परत जाताना रडते. ती नोकरी सोडून इथे येऊन बसावी असं आम्हा दोघांनाही वाटत नाही. म्हणून सोबत आता पैसे देऊन घरी आणावी लागते. त्यात कमीपणा काहीच नाही. पण पैसे दिले म्हणून ती सोबत राहत नाही आणि नुसतं काम होतं, असं नाही. रात्री आठला ताई जाते तेव्हा आमची ही दारापर्यंत वॉकर घेऊन जाते. प्लास्टर होतं तेव्हा खुर्चीतून हात हलवायची.

आणि ताईची स्वतःची सासू गावाकडे खाटेवर आहे. बीड जिल्ह्यातलं गाव. त्यांना बघायला ताईची सोळा वर्षांची मोठी मुलगी तिकडेच राहिली आहे. दुपारी आमची ही पडली की ताई फोनवर लेकीला हळू आवाजात सांगत असते, आजीला या कुशीवरून त्या कुशीवर कर, टाचेखाली घडी घालून ठेव, पावडर नको लावू, तेल लाव. आमच्या घरी शिकलेलं ती फोनवरून गावी पाठवते. हे ऐकलं त्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो.

समितीतले काही सभासद म्हणतील की हा एका घराचा प्रश्न आहे. जूनमध्ये मी आणि सी विंगमधल्या एक निवृत्त परिचारिका, आम्ही दोघांनी घरोघरी जाऊन मोजलं. आपल्या एकशे बत्तीस घरांपैकी सतरा घरांत वृद्ध माणसाला सांभाळायला बाहेरचं माणूस येतं. काही ठिकाणी बारा तासांची बाई, काही ठिकाणी चोवीस तासांची, दोन घरांत पुरुष. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं दहा कोटींच्या वर होती, शंभरात साडेआठ. महाराष्ट्रात शंभरात जवळपास दहा. त्यानंतर हा आकडा वाढतच गेला आहे, आणि आपल्या सोसायटीत ज्यांनी वीस वर्षांपूर्वी पन्नाशीत फ्लॅट घेतले ते सगळे आता सत्तरीत आहेत. नोटिशीवर सही करणाऱ्यांपैकीही दोघे आहेत. त्यांच्या दारातही एक ताई येईल. मी हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. तेव्हा त्यांना चांगली सोबत मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

चांगली माणसं मिळत नाहीत, टिकत नाहीत, अशी आपली सगळ्यांची तक्रार असते. टिकतील कशी? इस्रायलला घरी राहून वृद्धांची सेवा करणारी माणसं हवी आहेत म्हणून अलीकडे आपल्याच जिल्ह्याजिल्ह्यांतून अर्ज मागवले गेले. त्यासाठी किमान ९९० तासांच्या प्रशिक्षणाची अट होती. परदेशात या कामाला तेवढं शिकलेलं माणूस लागतं, त्याला तसा पगार मिळतो. आपल्याकडे दोन दिवस शिकवतात, ब्युरो आपला हिस्सा कापून घेतो, आणि वर आपण सांगतो की बाकावर बसू नका.

कायदाही इथे फारसा मदतीला येत नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. त्यात मुलं आहेत, आईवडील आहेत, न्यायाधिकरण आहे. घरात बारा तास असणारी ताई त्यात नाही. २०१९ मध्ये त्या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं, त्यात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान निकष होते. ते मंजूर झालं नाही. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रानं २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं की घरकामगारांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमा. होईल तेव्हा होईल. मी त्याची वाट बघत हे पत्र लिहिलेलं नाही. दिल्लीचा कायदा आपल्या हातात नाही, पण कडुनिंबाखालचा बाक आहे.

पुण्यानं हे एकदा केलेलं आहे, याची आठवण करून देतो. १९८० साली या शहरातल्या मोलकरणींनी संप केला होता. मी तेव्हा टेलिफोन खात्यात नवा होतो. आमच्या घरीही भांडी चार दिवस तशीच होती. पगार, सुट्टी, दिवाळीचा बोनस यावर तेव्हा घराघरांत खूप चिडचिड झाली. आज महिन्याच्या सुट्ट्या आणि दिवाळीला एक पगार यात कुणालाच वावगं वाटत नाही.

आता चोरीचं. ए विंगमध्ये गेल्या दिवाळीत चोरी झाली, त्यानंतर समितीवर दबाव आला, हे मला माहीत आहे. ज्या घरातलं मंगळसूत्र गेलं त्या घरी मी स्वतः गेलो होतो. भीती खरी आहे. एकट्या वृद्धांच्या घरात परकं माणूस ठेवायचं तर चौकशी व्हायलाच हवी, आणि सर्वांत आधी ती आम्हालाच हवी आहे. ब्युरोकडून आधारची प्रत घ्या, पोलीस ठाण्यात पडताळणी करा, फोटोचं ओळखपत्र द्या, येण्या-जाण्याची नोंद ठेवा. ताईचं हे सगळं झालेलं आहे. पण एकदा चौकशी करून ज्या माणसाच्या हातात आपण स्वतःच्या बायकोची अंघोळ सोपवतो, ते माणूस बाकावर बसल्यानं कुठला धोका वाढतो? चोरी बाकावरून होत नाही. उलट बागेत, चार लोकांच्या डोळ्यांसमोर बसलेली बाई आणि तिच्या शेजारी बसलेली वृद्ध बाई, यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. एखाद्या घरात म्हाताऱ्याला मारहाण होत असेल, उपाशी ठेवत असतील, तर ते कळायचं कसं? बंद दाराआड कळत नाही. ती जोडी रोज खाली आली तर कुणाच्या तरी नजरेस पडतं की आजोबांच्या दंडावर वळ आहे. आणि हे दोन्ही बाजूंनी खरं आहे. काम करणाऱ्या बाईलाही घरात त्रास होऊ शकतो. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानं घरकाम करणाऱ्या बाईसाठी ते घरच कामाचं ठिकाण मानलं आहे आणि तिची तक्रार घ्यायला जिल्हा पातळीवर समिती आहे. खाली बसून दुसऱ्या चौघींशी बोलायला मिळालं तरच ती हे कुणाला तरी सांगेल.

गेटवरच्या त्या अॅपबद्दल एक वेगळी गोष्ट. ताई आजारी पडली की ब्युरो बदली बाई पाठवतो. बदली बाई गेटवर आली की परवानगीचा निरोप माझ्या फोनवर येतो. मी त्या वेळी हिला कमोडच्या खुर्चीवरून उठवत असतो. फोन दुसऱ्या खोलीत. मागच्या पावसाळ्यात एक बदली बाई अशी पंचवीस मिनिटं गेटबाहेर भिजत उभी होती आणि ओल्या साडीनं बारा तास काढायला आत आली. मी तिला हिची साडी दिली. ज्या घरांत अशी सेवा चालू आहे त्या घरांची यादी गेटवर असावी, आणि उत्तर आलं नाही तर रक्षकानं इंटरकॉम करावा किंवा बाईंना सोबत घेऊन वर यावं. एवढं पुरे.

आणि संडास. हे लिहायला मला अवघड जातं, पण लिहिलं पाहिजे. सतरापैकी तीन घरांत सांभाळणाऱ्या बाईला घरातला संडास वापरू देत नाहीत. दिवसभर दुसऱ्याचे डायपर बदलणारी बाई स्वतः खाली पार्किंगमधल्या रक्षकांच्या संडासात जाते. तिथे कडी नाही. त्या बाया सकाळपासून पाणी कमी पितात. त्या घरांशी मी बोललो आहे, एकानं लगेच ऐकलं. बाकीच्यांशी समितीनं बोलावं, आणि तोपर्यंत क्लबहाउसमधला स्त्रियांचा संडास दिवसा उघडा ठेवावा. पार्किंगमधल्या दाराला कडी तर आजच लावावी, त्यासाठी ठराव लागत नाही.

३० सप्टेंबरच्या आत आपली वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायची आहे. तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा अशी माझी रीतसर विनंती आहे. सतरापैकी चौदा घरांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत. ठरावाचा मसुदाही एका वाक्यात देतो: सोसायटीतील आजारी वा वृद्ध रहिवाशाच्या सेवेसाठी नोंद झालेली व्यक्ती ही त्या रहिवाशाची सोबत मानली जाईल आणि रहिवाशाला जिथे जिथे जाता, बसता, थांबता येतं तिथे तिला जाता, बसता, थांबता येईल, रहिवासी बरोबर असो वा नसो. शेवटचे शब्द गाळू नयेत. दुपारी म्हातारं माणूस झोपल्यावर मुलगी किंवा सून घरात असेल, तर बाईला अर्धा तास खाली येऊन झाडाखाली डबा खाता आला पाहिजे. बारा तास आजाऱ्याच्या खोलीत काढून कुणाचंही डोकं ठिकाणावर राहत नाही, आणि वैतागलेल्या हाताची अंघोळ कशी असते ते मी पाहिलेलं आहे. ताईच्या आधीच्या एका बाईंच्या वेळी. त्या वाईट नव्हत्या. त्यांना आमच्याकडे सलग तीन महिने एकही सुट्टी मिळाली नव्हती आणि ती द्यायची माझी जबाबदारी होती.

क्लबहाउस सकाळी अकरा ते चार बंद असतं. आठवड्यातून दोन दिवस ते या सतरा जोड्यांसाठी उघडावं, असंही सुचवतो. सी विंगमधल्या परिचारिका बाई महिन्यातून एकदा सगळ्या ताया-मावश्यांना शिकवायला तयार आहेत: पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं की स्वतःची कंबर जायची नाही, घास अडकला तर काय करायचं, पाठीची जखम पहिल्या लालीला कशी ओळखायची. बाकीच्या दिवशी पत्ते, वाती वळणं, शेंगा सोलणं, काहीही. आमची ही अजून फुलवाती वळते. थरथरत्या हाताला कापूस बरा लागतो. श्रावणात तिनं आणि ताईनं मिळून अकराशे वळल्या होत्या, बी विंगमधल्या बऱ्याच देवघरांत त्याच जळल्या.

नोटीस काढून टाकायला सभेची गरज नाही, ती समिती स्वतःच्या अधिकारात काढू शकते. ती काढली जाईल या विश्वासानं लिहितो आहे.

आमच्या हिचं प्लास्टर निघालं आहे. बोटांची मूठ अजून पूर्ण वळत नाही, पण वॉकर धरता येतो. फिजिओथेरपिस्टनी रोज खाली उतरायला सांगितलं आहे. पाऊस उघडला की संध्याकाळी पावणेसहाला आम्ही तिघं कडुनिंबाखालच्या बाकावर येऊ. ही मध्ये बसेल. ताई तिच्या डावीकडे बसेल, कारण तोल अजून डावीकडेच जातो. उजवीकडे मी असेन. कुणाला काही बोलायचं असेल तर तिथे येऊन बसावं, बाक चौघांचा आहे.

कळावे,
आपला,
बी विंगमधला एक सभासद